कमिशन शून्य झालं, मग पट्टीत काय उरलं?



मागच्या व्हिडिओत ऑनलाइन फीचा हिशोब स्क्रीनवर भरभर पुढे गेला, अशी तुमच्यापैकी बऱ्याच जणांची तक्रार आली. ती बरोबर आहे. बारा मिनिटांत एवढे आकडे कुणाच्याच डोक्यात बसत नाहीत. म्हणून आज तोच विषय इथे निवांत लिहिते. वही-पेन घेऊन बसा.

सुरुवात एका फोनपासून करते. भोकरदनकडच्या एक ताई माझ्या जालन्याच्या बॅचला होत्या. लहान बाळांच्या गोधड्या शिवतात. घरचं सगळं आवरून दुपारी शिवणकाम, महिन्याला साठ-सत्तर ऑर्डर. मोठा व्यवसाय नाही, पण हातात स्वतःचे चार पैसे येतात. फोनवर त्या एकदम खुशीत होत्या.

"मॅडम, कमिशन शून्य केलं म्हणे! मी आता ३४९ ची गोधडी ३१० ला लावते. गिऱ्हाईकाला पण स्वस्त अन् मला पण परवडेल. अन् बचत गटातून तीस हजार उचलून दुसरी मशीन घेऊ का?"

मी म्हटलं, "ताई, किंमत बदलू नका अन् मशीन पण घेऊ नका. आधी मला तुमची पट्टी पाठवा."

पट्टी म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही

आपला जिल्हा मोसंबीचा. बाप-आजानं मोसंबी मोंढ्यात नेलेली असते. तिथं बोली किती लागली हे विचारतात, पण घरी आल्यावर आजी विचारायची, "पट्टी किती आली?" कारण बोलीतून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा होऊन जे हातात पडतं, तेच खरं.

ऑनलाइन विक्रीतही अगदी हेच आहे. ॲपवर दिसते ती बोली. बँकेत येते ती पट्टी. ही पट्टी तुमच्या सेलर पॅनलमध्ये पेमेंट किंवा सेटलमेंट नावाच्या भागात असते. माझ्या बॅचमध्ये मी हात वर करायला सांगते, की ही फाइल शेवटची कधी उघडली? तीसपैकी चार-पाच हात वर येतात. बाकीचे फक्त "पैसे आले" एवढंच बघतात.

मी काही आभाळातून पडलेली नाही. २०२१ मध्ये मी पण असंच केलं होतं. दुकानातल्या डबा ठेवायच्या पिशव्या एका ऑनलाइन साइटवर लावल्या. पिशवीचं वजन जेमतेम ४०० ग्रॅम. पण खोका मोठा वापरला, ३० बाय २५ बाय १२ सेंटीमीटरचा. कुरिअरवाले लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार करून साधारण ५००० नं भागतात. ९००० भागिले ५०००, म्हणजे १.८ किलो! माझ्या ४०० ग्रॅमच्या पिशवीला दोन किलोचं भाडं लागत होतं. दोन महिने मी विक्री वाढली म्हणून पेढे वाटत होते आणि प्रत्येक पिशवीमागे पदरचे घालत होते. चूक माझीच होती. पट्टी उघडली नव्हती.

बदललंय तरी काय?

थोडं मागं जाऊ. मीशोनं २०२१ मध्ये शून्य कमिशन आणलं आणि छोट्या गावांतले विक्रेते तिकडे वळले. मग ॲमेझॉननं ७ एप्रिल २०२५ पासून ३०० रुपयांच्या आतल्या वस्तूंवरचं रेफरल कमिशन काढून टाकलं. १३५ प्रकारच्या वस्तू, १ कोटी २० लाखांहून जास्त उत्पादनं त्यात आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये फ्लिपकार्टनं १००० रुपयांच्या आतल्या वस्तूंवर शून्य कमिशन जाहीर केलं.

सरकारी बाजूनंही काही गोष्टी हलक्या झाल्या. ऑनलाइन विक्रीवरचा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून १ टक्क्यावरून ०.१ टक्का झाला. जीएसटीमधला टीसीएस १० जुलै २०२४ पासून १ टक्क्यावरून ०.५ टक्का झाला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नंबर नसलेला छोटा विक्रेताही अशा साइटवरून माल विकू शकतो. त्याच्या अटी खाली सांगते.

हे सगळं चांगलंच आहे. मी टीका करत नाही. पण "कमिशन शून्य" म्हणजे "फी शून्य" नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. कमिशन ही पट्टीतली एक ओळ आहे. ठरावीक फी, शिपिंग, परतीचा खर्च, जाहिरात आणि या फींवरचा १८ टक्के जीएसटी, या ओळी तिथंच आहेत.

ताईंच्या गोधडीचा हिशोब

आता पेन उघडा. हे दर उदाहरणासाठी आहेत, तुमच्या वस्तूचे वेगळे असतील. धरून चला की ताईंच्या साइटवर ३०० रुपयांच्या आत कमिशन शून्य आणि त्यावर १० टक्के. ठरावीक फी १५ रुपये, शिपिंग ६५ रुपये. कापड, भरण, दोरा आणि पॅकिंग मिळून खर्च १४० रुपये.

किंमत ३४९ असताना:
कमिशन ३४.९० + ठरावीक फी १५ + शिपिंग ६५ = ११४.९०
त्यावर १८ टक्के जीएसटी २०.६८
एकूण कपात १३५.५८
हातात २१३.४२, माल वजा जाता उरले ७३.४२

किंमत २९९ केली तर:
कमिशन ० + १५ + ६५ = ८०
जीएसटी १४.४०
एकूण कपात ९४.४०
हातात २०४.६०, माल वजा जाता उरले ६४.६०

आणि ताईंना जी करायची होती ती ३१० किंमत:
कमिशन ३१ + १५ + ६५ = १११
जीएसटी १९.९८
एकूण कपात १३०.९८
हातात १७९.०२, माल वजा जाता उरले ३९.०२

परत वाचा. २९९ ला विकलं तर ६४ रुपये उरतात. ३१० ला विकलं तर ३९. अकरा रुपये जास्त घेतले आणि पंचवीस रुपये गमावले!

याला मी बॅचमध्ये "खड्डा" म्हणते. जिथं जिथं फीची पायरी आहे, तिथं पायरीच्या लगेच पुढं खड्डा असतो. ताईंच्या हिशोबात हा खड्डा ३०० पासून जवळजवळ ३३९ पर्यंत आहे. ३३९ ला विकलं तेव्हा कुठं २९९ एवढेच पैसे हातात येतात. म्हणजे मधल्या सगळ्या किमती, ३१०, ३२०, ३२५, या तोट्याच्या. एक तर खड्ड्याच्या अलीकडे थांबा, नाही तर उडी मारून पलीकडे जा. मध्ये पाय ठेवू नका.

आता परतीचा माल धरू

शंभर ऑर्डरमधल्या बारा परत आल्या असं धरू. परतीचा खर्च ९० रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे १०६.२० प्रत्येकी. बाकीची फी साइटनं परत दिली असं समजू.

२९९ किमतीला: ८८ गोधड्यांचे ५,६८४.८० रुपये, त्यातून परतीचे १,२७४.४० गेले. उरले ४,४१०.४०.

एका गोधडीला ताईंना दीड तास लागतो. ८८ गोधड्यांचे १३२ तास. म्हणजे तासाला ३३ रुपये. प्रत्येक ऑर्डरमागे दहा रुपये जाहिरातीला गेले तर तासाला २६. आणि ३१० किमतीला, जाहिरात न करताही, तासाला १६ रुपये.

ताईंनी आपली मजुरी कधी धरलीच नव्हती. "घरीच तर बसलेली असते," म्हणाल्या. अहो ताई, घरी बसलेलं माणूस दीड तास मान मोडून शिवत नसतं! मी आकडे वाचून दाखवले तेव्हा फोनवर थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाल्या, "मॅडम, कमिशन तर आत्ता शून्य झालं. माझी मजुरी पहिल्यापासूनच शून्य होती."

यावर मी काय बोलणार?

आता मशीनचं बघू. तीस हजारांचं कर्ज, वर्षभरात फेडायचं, तर हप्ता अडीच-पावणेतीन हजारांच्या घरात. महिन्याला सत्तर ऑर्डर धरल्या तर २९९ किमतीला ताईंना साधारण ३,०८७ रुपये उरतात. हप्ता गेला की तीनशे-चारशे. ३१० ला लावलं असतं तर उरले असते साधारण १,५११. म्हणजे हप्त्यासाठी घरातले हजारभर रुपये घालावे लागले असते, आणि गटातल्या बायकांसमोर मान खाली. चुकीच्या किमतीचा धोका इथं असतो. अकरा रुपयांची गोष्ट हप्त्यापर्यंत जाते.

फी जाते कुठं?

बाजारात फी नाहीशी होत नाही. ती सरकते. आपल्या राज्यात जुलै २०१६ मध्ये सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरवली. व्यापाऱ्यांनी संप केला होता, आठवत असेल. शेतकऱ्याला दिलासा होताच. पण तेव्हाही पारावरची शहाणी माणसं एक प्रश्न विचारत होती, "आडत खरेदीदार देणार, मग तो बोली तेवढ्यानं कमी करणार नाही कशावरून?"

तोच प्रश्न आज विचारा. इंग्लंडमध्ये ईबेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये घरगुती विक्रेत्यांची विक्री-फी काढून टाकली. जुने कपडे, मोबाइल, खेळणी विकणारे खूश झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच वस्तूंवर खरेदीदाराकडून संरक्षण फी सुरू झाली. फी एका खिशातून दुसऱ्या खिशात गेली.

आपल्याकडे पण खरेदीदाराच्या बाजूला बघा. फ्लिपकार्टनं ऑगस्ट २०२४ मध्ये ऑर्डरमागे ३ रुपये प्लॅटफॉर्म फी सुरू केली, ॲमेझॉननं २०२५ मध्ये ५ रुपये. जेवण पोचवणाऱ्या ॲपवर हीच फी २०२३ मध्ये २ रुपयांपासून सुरू झाली आणि २०२५ पर्यंत दोन आकड्यांत गेली. सवय लागली की आकडा वाढतो.

म्हणून खरेदीदार म्हणूनही डोळे उघडे ठेवा. २९९ ची वस्तू दिसते, पण डिलिव्हरीचे ४० आणि प्लॅटफॉर्म फी ५ धरली तर ती ३४४ ला पडते. शेजारी ३४९ ची, डिलिव्हरी मोफत असलेली वस्तू आपण महाग म्हणून सोडून दिलेली असते! किंमत पहिल्या स्क्रीनवर बघू नका, शेवटच्या स्क्रीनवर बघा. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत एकूण किंमत आणि तिचा तपशील दाखवणं बंधनकारक आहे. पहिल्यांदा कमी दाखवून शेवटी रक्कम वाढवत नेणं, हा प्रकार ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या युक्त्यांमध्ये धरलाय. तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणखी एक. सगळे विक्रेते २९९ वर आले, की कमिशनचा वाचलेला पैसा कुणाकडे जातो? बहुतेक गिऱ्हाईकाकडे. कारण शेजारच्यानं किंमत उतरवली की तुम्हाला उतरवावीच लागते. मग काही जण भरण कमी करतात, गोधडी दोन बोटं लहान करतात. गिऱ्हाईक एकदा फसतं, दुसऱ्यांदा येत नाही. हा रस्ता धरू नका.

जीएसटी नंबर नाही, तर हे लक्षात ठेवा

नंबरशिवाय ऑनलाइन माल विकायचा तर उलाढाल मर्यादेत हवी, महाराष्ट्रात मालासाठी ती वर्षाला ४० लाख. पॅन हवं, जीएसटी पोर्टलवरून एनरोलमेंट आयडी घ्यायचा. आणि विक्री फक्त राज्याच्या आत. भोकरदनहून कोल्हापूरला चालेल, हैदराबादला नाही.

यात फायदा असा की तुमच्याकडून टीसीएस कापला जात नाही. टीडीएसमध्येही पॅन किंवा आधार दिलेल्या व्यक्तीला वर्षाच्या ५ लाख विक्रीपर्यंत सूट आहे.

पण एक छुपा खर्च आहे. साइटच्या फीवर जो १८ टक्के जीएसटी लागतो, तो नंबरवाल्याला आपल्या करातून वजा करता येतो. बिननंबरवाल्याला येत नाही. वरच्या हिशोबातले २०.६८ किंवा १४.४० हे ताईंच्या खिशातूनच गेले. म्हणून दुसऱ्याचा हिशोब बघून आपली किंमत लावू नका.

मग करायचं काय?

एक, मागच्या तीन महिन्यांची पट्टी उतरवून घ्या. एका ऑर्डरमागे सरासरी किती कापलं ते काढा.

दोन, खर्चात स्वतःची मजुरी लिहा. तासाला ५० धरा, ६० धरा, पण धरा. शून्य लिहू नका.

तीन, तुमच्या साइटची फीची पायरी कुठं आहे ते शोधा आणि पुढचा खड्डा मोजा.

चार, कॉम्बोचा जुना सल्ला तपासून घ्या. मी पण "दोन एकत्र विका" असं शिकवायचे. ताईंच्या साइटवर दोन गोधड्या वेगवेगळ्या २९९ ला विकल्या तर १२९.२० उरतात. दोन्ही एकत्र ५४९ ला लावल्या आणि शिपिंग ८५ झालं, तर कमिशन लागून फक्त ८६.२२ उरतात. पण जिथं हजाराच्या आत कमिशन शून्य आहे, तिथं बाकी दर तेच धरले तर त्याच कॉम्बोत १५१ उरतात. वस्तू तीच, साइट वेगळी, उत्तर उलटं!

पाच, सगळी अंडी एका टोपलीत नको. ईबेनं २००४ मध्ये बाझी डॉट कॉम घेऊन भारतात दुकान मांडलं होतं. घरातून विकणारे कितीतरी जण तिथं नावारूपाला आले. ऑगस्ट २०१८ मध्ये ती साइट बंद झाली आणि वर्षानुवर्षं कमावलेले स्टार तिथंच राहिले. तुमच्या गिऱ्हाइकाचा विश्वास तुमच्या नावावर बसू द्या. थेट विक्री केली तर यूपीआयवर दुकानदाराला टक्केवारी लागत नाही. गावातच २९९ ला दिलेल्या गोधडीत १५९ उरतात. पण तिथं गिऱ्हाईक तुम्हालाच शोधावं लागतं, फोन घ्यावे लागतात, उधारीला नाही म्हणावं लागतं. तेही कामच आहे.

ताईंनी काय केलं?

साधी गोधडी २९९ ला ठेवली, पण तिचे महिन्याला वीसच नग ऑनलाइन लावतात. ती गिऱ्हाईक आणण्यापुरती. बाळाच्या नावाची भरतकाम केलेली गोधडी ४४९ ला लावली. तिला माल १६० चा आणि दोन तास लागतात. कपात जाऊन १४१.६२ उरतात, मजुरीचे १०० धरले तरी वर ४१ रुपये. ऑर्डर कमी आल्या. पहिल्या महिन्यात नऊच. नाव घालून शिवलेल्या गोधडीत परत आलेली फक्त एक, पण ती दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, हाही धडा मिळाला. बाकी माल त्या ओळखीतल्या बारशांना आणि जालन्यातल्या दोन दुकानांना देतात.

मशीन घेतली नाही. निदान अजून तरी नाही. गटाच्या बैठकीत त्यांनी सांगितलं, "तीन महिन्यांच्या पट्ट्या बघून मग सांगते." मला यात जास्त आनंद आहे. कर्ज वाईट नसतं मंडळी, न मोजलेलं कर्ज वाईट असतं.

आज रात्री जेवणं झाली की तुमची एक पट्टी उघडा. एकच. वरच्यासारखी ओळ न् ओळ वहीत लिहा. जिथं अडेल तो आकडा मला पाठवा, पुढच्या व्हिडिओत तुमच्यापैकी एकाची पट्टी नाव न सांगता आपण फळ्यावर सोडवू.

भेटूया.